कॅलिग्राफी पेनाने मराठी अक्षर उलटं का येतं? आणि बोरू कसा कापायचा?

खडूफळा (सांगली)

सहावी-सातवीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास सुलेखनाचा सुरू करतेय. वर्गात ३२ मुलं. दुकानात मिळणारा कॅलिग्राफी पेनांचा सेट आणलाय, निबा १.१, १.५ आणि १.९ मिमी. इंग्रजी अक्षरं छान येतात, पण मराठी काढलं की वळण परकं वाटतं. काना बरा येतो. व, ठ, र मात्र भलतेच दिसतात. शिवाय शाई कागदावर फुटते. सुरुवात बोरूने, म्हणजे काडी कापून केलेल्या लेखणीने, करावी का? आणि तो नीट कापायचा कसा? मुलांचं रोजच्या वहीतलं अक्षरही सुधारायला हवं, नुसती शुभेच्छापत्रं रंगवून भागणार नाही.

टाकदौत (सातारा)

ताई, दोष हाताचा नाही, निबेच्या कापाचा आहे. सेटमधली निब सरळ कापलेली असते. उजव्या हाताने नेहमीसारखी धरली की तिची धार डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी टेकते. इंग्रजीला तेच हवं असतं. देवनागरीत नेमकं उलट: धार डावीकडे वर, उजवीकडे खाली, साधारण ४५ अंशांत. म्हणून आपल्याकडे तिरका काप लागतो.

पेन कुठलंही असो, आधी तपासून घ्या. कागदावर एक फुली काढा. उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारी रेघ पूर्ण जाड यायला हवी आणि डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणारी केसासारखी बारीक. त्यानंतर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढा. दोन्ही सारख्या जाडीच्या आल्या तर कोन ४५ चा बसला. म्हणजेच काना आणि शिरोरेषा एका वजनाचे येतील. उभी जाड आणि आडवी बारीक आली तर धार जास्त आडवी झालीय.

मग ठ काढून बघा. त्याचा गोल वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड भरला पाहिजे. तुमच्या निबेने तो वर उजवीकडे भरत असणार, परकेपणा वाटतो तो त्यामुळेच. र ची शेपटी आणि ष च्या पोटातली तिरकी रेघ बारीक यायला हवी, तुमच्याकडे ती सगळ्यात जाड येत असेल. काना दोन्ही निबांनी सारखाच येतो, म्हणून तो तुम्हाला बरा वाटला.

निबा घेताना दुकानात देवनागरीसाठीचा तिरका काप मागा आणि सुरुवातीला ३ मिमीच्या आसपासची रुंदी घ्या. १.१ मिमीत जाड-बारीक फरकच दिसत नाही, त्यामुळे चूक कुठे होतेय ते मुलांना कळत नाही. अक्षराची उंची निबेच्या पाचपट धरा, म्हणजे १५ मिमी. वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला प्रत्येकी १० मिमी मोकळे सोडा. रेघा पेन्सिलीने आखूनच लिहायला बसवा.

शाई फुटते ती कागदामुळे. झेरॉक्सच्या हलक्या कागदाला खळ (शाई शोषू न देणारा लेप) कमी असते, तंतू शाई ओढून घेतात. १०० जीएसएमचा गुळगुळीत बाँड पेपर घ्या आणि खाली चार-पाच वर्तमानपत्रांची गादी ठेवा. कडक बाकावर निबेची एकच बाजू टेकते आणि रेघेची दुसरी कड फाटते. फाउंटन पेनची शाई टाकाला (दौतीत बुडवून लिहायच्या निबेच्या पेनाला) आणि बोरूला पातळच पडते. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून, गाळून, त्याचे थेंब एकेक करून घालत जा. रेघेच्या कडा स्वच्छ आल्या की थांबा. डिंक जास्त झाला तर शाई उतरत नाही. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र फाउंटन पेनात चुकूनही भरू नका. आत सुकली की पेन गेलं.

बोरूकाप (वाई)

बोरू तुम्हीच कापा, मुलांच्या हातात पाते देऊ नका.

पेन्सिलीएवढी जाड, वाळलेली, दोन पेरांमधली सरळ काडी निवडा. लांबी १५-१८ सेंमी. बोरू मिळाला नाही तर कळकाची (बांबूची) बारीक काडी चालते. टोकाकडे दोन-अडीच सेंमी लांबीचा तिरपा काप घ्या. आतला भेंडासारखा मऊ गर पूर्ण खरवडून काढा. बहुतेकांचं इथेच चुकतं. गर राहिला की तो शाई पितो आणि मग पहिल्याच अक्षरावर थेंब पडतो. मग दोन्ही बाजू तासून हवी ती रुंदी आणा. मधोमध साधारण एक सेंमीची चीर द्या. चीर वर पळायला लागली तर तिच्या वर दोरा घट्ट गुंडाळा.

शेवटचा काप सगळ्यात महत्त्वाचा. टोक लाकडी फळीवर ठेवून पाते तिरके धरा आणि एका दाबात तोडा. करवतीसारखं मागे-पुढे केलं तर धार फाटते. काप उलट्या बाजूला तिरका गेलाय का, ते टाकदौत यांच्या फुलीवरून लगेच कळेल. उलटा निघाला तर दुसऱ्या बाजूने पुन्हा तोडा. शेवटी बारीक पॉलिश पेपरवर एकदोनदा अलगद फिरवा, जास्त घासलं तर धार गोल होते.

शाईत बुडवून ठेवलेला बोरू मऊ पडतो, तास संपला की पुसून आडवा ठेवा. नवीन स्टीलची निब शाई धरत नसेल तर तिच्यावर तेलाचा थर असतो, साबणाच्या पाण्याने पुसा.

पाटीपेन्सिल (कराड)

मी पहिल्या महिन्यात बोरू देणार नाही. ३२ दौती, ३२ बोरू, निम्मा तास पुसण्यात जाईल. दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधा. टोकांमध्ये ७-८ मिमी अंतर राहतं, अक्षर ४ सेंमीचं काढायचं. एक पेन्सिल किंचित वर सरकवली की तोच तिरका काप झाला. जाड जागी दोन रेघा लांब जातात, बारीक जागी एकमेकींवर येतात, त्यामुळे कोन सुटला की मुलाला स्वतःलाच दिसतं. शाईत हे इतकं स्पष्ट दिसत नाही.

अक्षरं क, ख, ग या क्रमाने घेऊ नका, घडणीने घ्या: आधी ग, न, म, मग व, ब, क, मग ट, ठ, ढ, शेवटी र, स, ख. ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे मराठी वळणाचे, गिरवून घ्या. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं आहेत, आणि मोबाइलवरचे फाँट बघून मुलं दुसरीच उचलतात.

वहीतल्या अक्षरासाठी वेगळा सराव लागेल. शब्द पूर्ण झाल्यावर शिरोरेषा द्यायची सवय लावा, पण थ, ध, भ वर ती तोडायला शिकवा. सरसकट ओढली की ध चा घ आणि भ चा म होतो. (मोडीत उलट होतं, तिथे ओळभर रेघ आधी ओढून अक्षरं तिला लटकवत.) बॉलपेन दाबून लिहावं लागतं, बोटं आखडतात. कित्ता गिरवायला पेन्सिल किंवा शाईचं पेनच द्या.

खडूफळा (सांगली)

फुली काढून बघितली, अगदी उलट आली! दोन पेन्सिलींनीच सुरू करते. वर्गात तीन डावखुरी मुलं आहेत, त्यांच्यासाठी वेगळा काप लागेल का?

टाकदौत (सातारा)

नाही. हात ओळीच्या खाली ठेवून लिहिणाऱ्या डावखुऱ्या मुलाला सरळ कापाच्या निबेनेच देवनागरीचा कोन मिळतो, कारण त्याची धार आपोआप डावीकडे वर टेकते. तुमचा इंग्रजी सेट त्या तिघांना द्या. फक्त ओल्या शाईवरून हात फिरू नये म्हणून कागद थोडा तिरका करून डावीकडे सरकवा आणि हाताखाली टिपकागद ठेवा. हात वरून वळवून लिहिणारं मूल असेल तर मात्र आधी फुली काढून घ्या, त्याला तिरका काप लागू शकतो.