लॅम्ब्डा(१४०५) आणि सिग्मा(१३८५) वेगळे कसे काढायचे?

कणवेध: हे दोन अल्पजीवी कण, कंसातला आकडा म्हणजे एमईव्हीमधलं वस्तुमान. प्रोटॉनवर टॅग केलेले (ऊर्जा मोजलेले) फोटॉन, के-प्लस (धनप्रभारित केऑन) ओळखून त्याच्यासमोरचा मिसिंग मास (ऊर्जा-संवेगाच्या हिशेबातून बाकी सगळ्यांचं मिळून वस्तुमान) काढला आहे. १५२० एमईव्हीचं शिखर स्वच्छ येतं, पण १४०० च्या आसपास एकच रुंद उंचवटा. दोन ब्राइट-विग्नर (अल्पजीवी कणाच्या शिखराचं नेहमीचं सूत्र) बसवले तर सुरुवातीच्या किमतींनुसार उत्तर बदलतं. काय चुकतंय?

शून्यप्रभार: आकारावरून ते सुटणार नाहीत. अंतर जेमतेम २० एमईव्ही, रुंदी सिग्माची ३६, लॅम्ब्डाची ५०. विघटनावरून सोडवा. आयसोस्पिनमुळे (प्रबळ बलाच्या विघटनात टिकणारी क्वांटम संख्या) लॅम्ब्डा(१४०५)ला लॅम्ब्डा + पाय-शून्य (प्रभारहीन पायऑन) हा मार्ग बंद आहे आणि सिग्मा(१३८५)ला सिग्मा-शून्य + पाय-शून्य हा.

दोन्ही मार्गांत प्रभारित कण तेच: के-प्लस, प्रोटॉन, पाय-मायनस. प्रोटॉन-पाय जोडी १११६ वर (लॅम्ब्डाच्या वस्तुमानावर) बसते का पाहा, मग तिघांसमोरच्या मिसिंग मासचा वर्ग काढा. ०.०१८ जीईव्ही-वर्गाला शिखर म्हणजे एकटा पाय-शून्य. सिग्मा-शून्यातून एक फोटॉनही निसटतो, त्यामुळे त्या घटना याच्या वर पसरतात.

प्रभारित सिग्मा-पायमधला सिग्मा(१३८५)चा वाटा फिटवर सोडू नका. त्याचं ८७ टक्के विघटन लॅम्ब्डा-पायमध्ये होतं, ११.७ टक्के सिग्मा-पायमध्ये, तेही दोन प्रभारांत निम्मंनिम्मं. अ‍ॅक्सेप्टन्सची दुरुस्ती (डिटेक्टरने न पकडलेल्या घटनांची भरपाई) केलेला लॅम्ब्डा-पायचा आकडा ०.०६७ ने गुणा आणि तो वाटा स्थिर धरा.

उड्डाणकाळ: आधी के-प्लस खरा आहे का तपासा. बीमचे पुंजके २ नॅनोसेकंदांच्या अंतराने येत असतील तर चुकीच्या पुंजक्याशी जोडलेला पायऑन, ४ मीटरच्या मार्गावर ०.८ जीईव्ही संवेगाजवळ उड्डाणकाळावरून हुबेहूब केऑन दिसतो. शेजारच्या पुंजक्यांतून ही भेसळ मोजून वजा करा. त्याच मार्गावर १ जीईव्हीचे सुमारे ४० टक्के केऑन वाटेतच विघटतात. सिम्युलेशनमध्ये ते विघटन चालू हवं.

प्रभारित सिग्मा न्यूट्रॉन आणि पायऑनमध्ये विघटतो, त्या न्यूट्रॉनच्या मार्गात पाय-प्लस-पाय-मायनसचं वस्तुमान ४९८ एमईव्हीजवळ आलं, तर ती घटना तटस्थ केऑनची, काढून टाका. के-स्टार(८९२) (केऑन-पायऑनमध्ये विघटणारा कण) मात्र कापू नका. फोटॉन १.८५ जीईव्हीच्या वर गेला की तो सिग्मा-प्लससोबत तयार होतो, आणि त्याची पट्टी कापली की सिग्मा-पायचा आकारच वाकतो. सिम्युलेशनमधला त्याचा साचा फिटमध्ये घाला.

कणवेध: हे केलं. आता सिग्मा-प्लस आणि सिग्मा-मायनसच्या मार्गांतले आकार जुळत नाहीत.

शून्यप्रभार: अ‍ॅक्सेप्टन्स पक्का असेल तर ती चूक समजू नका. आयसोस्पिन ० आणि १ च्या आयामांचं (अ‍ॅम्प्लिट्यूडचं) व्यतिकरण दोन मार्गांत उलट चिन्हाने येतं. जेफरसन लॅबच्या क्लास (CLAS) प्रयोगाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतही आकार असेच वेगळे आहेत. दोघांच्या सरासरीत हे पद निघून जातं, पण सरासरीवरच थांबू नका, सिग्मा-प्लस, सिग्मा-मायनस आणि सिग्मा-शून्यचे तिन्ही मार्ग एकत्र फिट करा. साधा ब्राइट-विग्नरही इथे चालत नाही, कारण के-मायनस-प्रोटॉनचा उंबरठा (ही जोडी तयार होण्याची किमान ऊर्जा) १४३२ वर, ऐन शिखराच्या उतारावर आहे. फ्लाटे रूप (उंबरठा धरून लिहिलेलं सूत्र) वापरा.