घेणारा घोडी न्यायला येत नाही, फोनही उचलत नाही. काय करावं?

तापीकाठ

सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी घोडीचा सौदा झाला. किंमत १,४०,०००. इसार ४०,००० रोख मिळाला, बाकीचे घोडी नेताना द्यायचे. सौदाचिठ्ठीवर दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार आहेत, पण न्यायची तारीख लिहिलेली नाही. 'आठ दिवसांत गाडी पाठवतो' हे नुसतं तोंडी. आज-उद्या करता करता आता तो फोनच उचलत नाही. घोडी गाभण आहे, सातवा महिना चालू. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. विकून टाकू का? इसार परत द्यावा लागेल का? मधल्या काळात घोडीला काही झालं तर कोणाच्या माथी?

वकिलीवाट

दादा, नोटीस दिल्याशिवाय विकू नका. बाकी सगळं नंतर.

वस्तू विक्री कायदा, १९३० जनावरालाही लागू होतो. त्याच्या कलम ५४ नुसार किंमत पूर्ण न मिळालेल्या विक्रेत्याला माल दुसऱ्याला विकता येतो, पण 'मी विकणार आहे' अशी नोटीस देऊन आणि वाजवी मुदत देऊनच. नोटीस देऊन विकलं आणि भाव कमी आला, तर तूट पहिल्या गिऱ्हाइकाकडून मागता येते. भाव जास्त आला तर वरचे पैसे तुमचे. नोटीस न देता विकलं की गणित उलटतं: तूट मागता येत नाही आणि जास्तीचा भाव आला तर तो पहिला मागू शकतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाला मात्र घोडी कायद्याने पक्की मिळते, त्याला धास्ती नको.

सांभाळाच्या खर्चासाठी कलम ४४ आहे. तुम्ही द्यायला तयार आहात, 'घेऊन जा' असं सांगितलंय आणि वाजवी वेळ जाऊनही तो आला नाही, तर झालेलं नुकसान आणि सांभाळाचा वाजवी खर्च त्याच्याकडे निघतो. ही मागणी लेखी असू द्या. नुसते फोन केले होते हे कोर्टात सिद्ध करताना दम निघतो. नोटीस अशी चालेल:

'दि. … च्या सौदाचिठ्ठीनुसार कुमैत घोडी, वय ५ वर्षं, कपाळावर टिळा, मागचे दोन्ही पाय पांढरे, आपण १,४०,००० रुपयांस खरेदी केली. ४०,००० मिळाले, १,००,००० बाकी. घोडी देण्यास मी तयार होतो व आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत बाकी रक्कम देऊन घोडी घेऊन जावी. त्यानंतर सांभाळखर्च रोज २५० रुपये आपल्याकडे निघेल. मुदतीत न आल्यास घोडी दुसऱ्यास विकून येणारी तूट व सांभाळखर्च आपल्याकडून वसूल केला जाईल.'

वर्णन आणि आकडे तुमचे घाला. चिठ्ठीवर आहे त्याच पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर फोडू नका, तसंच फाइलला लावा.

इसाराचं म्हणाल तर चिठ्ठीत काय लिहिलंय ते बघा. 'सौदा मोडल्यास इसार जप्त' असं असेल तर बाजू मजबूत, पण तेव्हाही कोर्ट रक्कम वाजवी आहे का ते पाहतं. १,४०,००० वर ४०,००० म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. याला इसार न म्हणता किमतीचा हप्ता म्हणायला पहिल्या गिऱ्हाइकाला जागा आहे. जप्तीचं काहीच लिहिलेलं नसेल तर हिशेब करून उरलेलं परत देणं शहाणपणाचं. समजा दुसऱ्याने १,२५,००० दिले. तूट १५,०००, सांभाळ ४० दिवसांचा १०,०००, एकूण २५,०००. ४०,००० मधून वजा जाता १५,००० परत, तेही पावती घेऊन.

पागा-नगर

वकिलीवाट यांचं बरोबर. पण भाऊ, कागदासोबत घोडीही नीट राहिली पाहिजे. बाकी पैसे येईनात म्हणून खुराक तोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, १९६० खाली गुन्हा आहे, आणि हडकलेली घोडी बघून दुसरं गिऱ्हाईक भाव पाडणार ते वेगळंच.

नोटीस टाकाल त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलावून तपासणीचा दाखला घ्या: वय, गाभण महिना, वजन, तब्येतीची अवस्था, मायक्रोचिप असेल तर नंबर. दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून फोटो काढा, भोवरे आणि पांढरे पाय दिसले पाहिजेत. पुढे कोणी 'घोडी बदलली' म्हणायला नको.

काटा नसेल तर टेपने वजन काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५, लांबी १५५ असेल तर ३५५ किलो येतात. गाभण घोडीत हा आकडा थोडा चुकतो, पण दर आठवड्याला मोजलं की उतरतेय की टिकतेय ते कळतं.

चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, कोरडा धरून. म्हणजे या वजनाला साधारण ६ ते ७ किलो कडबा-गवत, त्यात थोडा लसूणघास. पाणी २५ ते ३० लिटर, उन्हात जास्त. दाणा मात्र आवरा. कामाच्या घोडीचा हरभरा उभ्या घोडीला तसाच चालू ठेवला की पोटशूळ उठतो, खूर धरतात, नाहीतर चार दिवसांनी फेरफटक्याला काढताच मागचे पुठ्ठे आखडतात आणि लघवी लाल-काळी होते. असं दिसलं तर एक पाऊलही चालवू नका, डॉक्टर बोलवा. बसून असलेल्या घोडीला दिवसाला किलो-सव्वा किलो दाणा दोन वेळांत पुरे. गाभण असल्याने शेवटच्या तीन महिन्यांत तो डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू वाढवायचा. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास हाताने फिरवा, नाहीतर पाय सुजतात. नालबंद दीड महिन्याने. काम नसेल तर नाल काढून खूर तासून ठेवले तरी चालेल.

एक वही घाला: तारीख, चारा, दाणा, औषध, नालबंद, आणि बिलं चिकटवा. रोजचे २५० कुठून आले हे विचारतील तेव्हा ही वहीच बोलेल.

लग्नसराई आहे म्हणून वरातीला भाड्याने देऊ नका. दुसऱ्याचा जिन्नस सांभाळताना परवानगीशिवाय वापरला आणि इजा झाली, तर भरपाई सांभाळणाऱ्यावर येते.

तापीकाठ

खूप आभार. मी त्याला व्हॉट्सॲपवर तीनदा 'कधी नेता' विचारलंय, निळ्या खुणा दिसतात. ते पुरावा होईल का? आणि शिंगरू झालं तर कोणाचं?

वकिलीवाट

होईल, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोनही जपावा लागतो. नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका, पण पोस्ट चुकवू नका.

शिंगराचा प्रश्न मोलाचा आहे. ठरावीक घोडी दाखवून बिनशर्त सौदा झाला असेल आणि चिठ्ठीत 'पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी विक्रेत्याची' असं नसेल, तर मालकी सौद्याच्या वेळीच त्याच्याकडे गेली असं धरलं जातं. तुमच्याकडे पैसे मिळेपर्यंत ताबा धरण्याचा हक्क उरतो. मग शिंगरूही त्याचंच. करार कायद्याच्या कलम १६३ मध्ये सांभाळायला दिलेल्या गाईचं उदाहरणच आहे: ती व्यायली तर वासरूही परत द्यायचं. म्हणून नोटीस, मुदत, फेरविक्री हे सगळं ती विण्याच्या आत उरका.

जोखमीचं: त्याच्या दिरंगाईमुळेच जे नुकसान झालं, ते त्याच्या माथी (वस्तू विक्री कायदा, कलम २६). पण तुमच्या निष्काळजीपणाने काही झालं तर ते तुमच्यावर.

आणि हे पूर्ण पैसे न मिळालेल्या सौद्याचं झालं. कोणी पूर्ण पैसे देऊन घोडा तसाच सोडला असेल तर परस्पर विकता येत नाही. तेव्हा सांभाळखर्चाचा दावा लावून, जनावर विकून रक्कम कोर्टात भरण्याची परवानगी मागायची. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी आदेश ३९, नियम ६ आहे. चेक दिला आणि तो वटला नाही, तर तुम्ही पैसे न मिळालेले विक्रेतेच. शिवाय बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस गेली पाहिजे.

पागा-नगर

घोडी अकरा महिन्यांनी विते. शेवटच्या महिन्यात तिला गाडीत घालणं धोक्याचं, त्यामुळे तुमच्या हातात तीनच महिने आहेत, नोटीस याच आठवड्यात टाका. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्या सौद्याची सगळी हकीकत आधी सांगा आणि चिठ्ठीत नोटिशीची तारीख घाला. या वेळी न्यायची तारीख, त्यानंतरचा रोजचा सांभाळखर्च आणि 'अमुक तारखेपर्यंत न नेल्यास फेरविक्रीचा हक्क विक्रेत्यास' या तीन ओळी लिहूनच सह्या घ्या. गाडी भरायच्या आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आणि प्रवासाचा आरोग्य दाखला लागेल. रक्ताचा अहवाल यायला वेळ जातो, तर नोटिशीची मुदत चालू असतानाच नमुना देऊन टाका.