बॉनेटच्या क्लिपांची भोकं रंगाआधी पाडावीत की रंगानंतर?

हातगियर (धागाकर्ता)
जुनी गाडी रंगवून आली की सगळ्यात शेवटी बॉनेट घट्ट धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि पिना बसवायच्या, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. माझा तिला ठाम विरोध आहे. पत्र्याला जी काही भोकं पाडायची ती रंगाआधीच पाडली पाहिजेत.

रंगानंतर ड्रिल मारलं की भोकाची कड उघडी पडते, तिथे ना प्रायमर ना रंग. वर क्लिप बसली की पाणी तिच्याखाली साठतं आणि गंज कडेवरून रंगाच्या आत शिरतो. वरून काही दिसत नाही, दिसतो तो थेट फोड. शिवाय ड्रिलचा कीस रंगावर पडतो. हाताने झटकला तर ओरखडे येतात, राहिला तर तांबूस ठिपके. त्यापेक्षा कोऱ्या पत्र्यावर सगळं बसवून बघा, जुळवा, काढून ठेवा, भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर (बर) कानसून घ्या आणि कडेसकट प्रायमर मारा. यात न पटण्यासारखं काय आहे?

चौथा_सिलिंडर
असहमत. कोऱ्या पत्र्यावर सगळंच जुळतं हो. पण तेव्हा गाडीत इंजिन नसतं, बॉनेटखालची रबरं नसतात, बिजागऱ्या नुसत्या अडकवलेल्या असतात. गाडी पूर्ण जोडली की बॉनेट दोन-तीन मिलिमीटर सहज सरकतं. पाव फेऱ्यात लागणाऱ्या ड्झुस क्लिपेला एवढा फरक चालत नाही. स्टड (क्लिपेचा फिरवायचा खुंट) खालच्या तारेच्या स्प्रिंगवर तिरका येतो, मग स्क्रूड्रायव्हरवर जोर द्यावा लागतो आणि तो खाचेतून निसटला की रेघ थेट नव्या रंगावर. आणि रंगाआधी पाडलेलं भोक चुकीच्या जागी निघालं तर? वेल्डिंगने बुजवा आणि सगळं बॉनेट परत रंगवा.

उभ्या पिना असतील तर मी असं करतो: पिन आधी बॉनेटखालच्या पट्टीवर घट्ट बसवायची, टोकाला ग्रीसचा थेंब लावायचा आणि बॉनेट हलकेच टेकवायचं. आतल्या बाजूला ठिपका उमटतो. तिथून तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, पण ड्रिल बाहेर येताना दाबायचं नाही, कारण वरचा रंग टवका होऊन उडतो तो त्याच क्षणी. वर मास्किंग टेपचे दोन थर आणि त्यावर लाकडाचा ठोकळा दाबून धरायला दुसरा माणूस हवाच. मग भोक मोठं करायचं ते वरून, पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणाऱ्या ड्रिलने, अगदी सावकाश. सेंटर पंचवर (जागा खुणावायच्या टोकदार हत्यारावर) हातोडी मारू नका, पातळ पत्र्याला खळगा पडतो.

हातगियर
मग इंजिन आणि रबरं बसवूनच आधी जुळवा ना! त्यासाठी सगळं परत उतरवावं लागतं हे मान्य, पण तेवढा वेळ द्यायलाच हवा. रंगाने जागा बदलते म्हणावं तर सगळे थर धरून जाडी मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढी. पिनेचं भोक मिलिमीटरभर सैल ठेवलं आणि पिनेची उंची नटवर कमी-जास्त करता आली की प्रश्न मिटतो.

रंगपेटी
तुम्ही दोघंही भोकावर भांडताय. रंग किती पक्का झालाय ते कुणी बघतच नाही. टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात. सेल्युलोज (नुसता थिनर उडून वाळणारा जुन्या पद्धतीचा रंग) तर त्याहून हट्टी. अशा रंगावर नट आवळला की वॉशर आत रुततो आणि भोवती कडं उमटतं. मास्किंग टेपही कोवळ्या रंगावर तासन्‌तास ठेवली तर छाप सोडते. भोकावर बसणाऱ्या धातूच्या पट्टीखाली पातळ नायलॉनचा वॉशर घाला. काळं रबर नको, त्यातलं तेल फिक्या रंगात उतरतं आणि तो पिवळा डाग पॉलिशने जात नाही.

रंगानंतर भोक पाडलंच तर कडेला बारीक ब्रशने प्रायमर आणि रंग लावा, वाळू द्या, मगच क्लिप बसवा. बॉनेट ॲल्युमिनियमचं आणि पिना स्टेनलेसच्या असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं. दोन धातूंमध्ये ओल शिरली की झिजतं ते ॲल्युमिनियम.

जुनाटप्रेमी
मला मुळात प्रश्नच पटत नाही. मूळ बॉनेटला भोकं पाडायचीच कशाला? गाडी कारखान्यातून ज्या खटक्यांनिशी निघाली तेच दुरुस्त करा. जास्तीचा आधार हवा असेल तर चामड्याचा पट्टा बांधा. तो उद्या काढता येतो, भोक काढता येत नाही.

चौथा_सिलिंडर
पट्ट्याने रंग वाचतो हा गैरसमज आहे. चामड्याखाली धूळ अडकते आणि गाडीच्या थरथरीने घासत राहते. ओलं झालं की चामड्याचा रंगही उतरतो. खालून फेल्ट लावा, तरी पट्ट्याच्या रुंदीएवढा भाग निस्तेज होतोच. आणि काचेच्या बाजूला बिजागरी असलेलं बॉनेट वेगात सुटलं तर वारा त्याला उचलून थेट काचेवर आपटतो. मूळ खटका झिजलेला असेल तर त्यावर विसंबणं मला मंजूर नाही. जीव आधी, मूळपण नंतर.

जुनाटप्रेमी
झिजलेला खटका बदलायचा असतो, त्याला पर्याय म्हणून पत्रा भोसकायचा नसतो. मधोमध दुमडणाऱ्या जुन्या बॉनेटना बाजूचे स्प्रिंगचे हूक पुरतात. त्यांना फक्त टेकण्याच्या कडेवरची सुती पट्टी नवी लागते, नाहीतर पत्र्यावर पत्रा घासून तिथला रंग आधी जातो. तीच पट्टी पाणी धरते, म्हणून बसवण्याआधी खालची कड नीट रंगवून घ्या.

हातगियर
म्हणजे तिथेही आधी रंग आणि मग जोडणी! भोकाच्या कडेला मी तोच न्याय लावतोय. चौथा_सिलिंडर, ड्रिल आतून सुरू करून वरून मोठं करायचं ही पद्धत मात्र उचलतोय, कोऱ्या पत्र्यावर.

रंगपेटी
कोऱ्या पत्र्यावर करणार असाल तर भोकाची कड कानसून किंचित गोल करा. धारदार कडेवर रंग टिकत नाही, वाळताना मागे सरकतो आणि नेमका तिथेच पातळ राहतो.