जेफ बॅरो: तुकडे चिकटवणारा की ध्वनी घडवणारा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)
काल एका ग्रुपवर पोस्ट फिरत होती. सारांश असा: ब्रिस्टलच्या (इंग्लंड) पोर्टिसहेड या बँडचा जेफ बॅरो हा फुगवलेला माणूस. जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलले, खाली संथ ठेका लावला, बाकी सगळं बँडची गायिका बेथ गिबन्सच्या गळ्याने तारलं. इतक्या वर्षांत अल्बम किती, तर तीन. या असल्या तुकड्यांवरच्या संथ संगीताला ट्रिप हॉप म्हणतात, त्यावर शेरा, 'ट्रिप हॉप म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं संगीत'. तिथे कमेंट बंद होत्या, म्हणून इथे लिहितोय.

बॅरो ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत टेप ऑपरेटर होता, म्हणजे हरकाम्याच. ब्रिस्टलच्याच मॅसिव्ह अटॅक या बँडचा 'ब्लू लाइन्स' हा अल्बम (1991) तिथे घडत होता तेव्हा हा पोरगा मोकळ्या वेळात मशिनवर स्वतःचे ठेके बनवत बसायचा. बेथ त्याला भेटली ती एंटरप्राइज अलाउन्स या, बेरोजगारांना स्वतःचा धंदा काढायला मदत करणाऱ्या सरकारी योजनेच्या कोर्समध्ये, चहाच्या सुट्टीत. पोर्टिसहेडचा पहिला अल्बम 'डमी' आला 1994 मध्ये, तेव्हा हा 22 वर्षांचा. पुढच्या वर्षी त्याला मर्क्युरी, म्हणजे ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार.

आणि 'तुकडे उचलले' म्हणणाऱ्यांनी हे ऐका. ही मंडळी स्वतः ड्रम, गिटार, बास वाजवून ते रेकॉर्ड करत, त्याची तबकडी बनवून घेत, ती स्टुडिओच्या फरशीवर टाकून तुडवत, आणि मग तीच टर्नटेबलवर लावून तिच्यातून सॅम्पल, म्हणजे तुकडे, घेत. ती खरखर त्यांनी मेहनतीने कमावलेली आहे.

कोथरूडकर७१
असहमत. 'डमी'मधलं 'ग्लोरी बॉक्स' घ्या. अख्खं गाणं अमेरिकन गायक आयझॅक हेजच्या 'आइक्स रॅप 2' वर उभं आहे. तोच तुकडा ब्रिस्टलच्याच रॅपर ट्रिकीने 'हेल इज राउंड द कॉर्नर'मध्ये वापरला. एकाच गावातल्या दोघांना एकच तुकडा सापडतो, यात कसली प्रतिभा? मी बारा वर्षांचा असताना गुरुजींसमोर दुसऱ्याची चाल स्वतःची म्हणून वाजवली होती. त्यांनी पेटी बंद केली आणि महिनाभर हात लावू दिला नाही. आमच्यावर हे संस्कार आहेत. तुमच्याकडे त्याला पुरस्कार मिळतात.

साउंडवाला_बंडू
काका, तुम्ही चाल स्वतःची म्हणून वाजवली होती. 'ग्लोरी बॉक्स'च्या गीतकार-संगीतकारांत हेजचं नाव छापलेलं आहे. 'डमी'मधल्याच 'सावर टाइम्स'वर संगीतकार लालो शिफ्रिनचं आहे. चोरी कुठे झाली?

आणि तो एकच तुकडा दोन्ही गाण्यांत लागोपाठ ऐका. ट्रिकी त्यावर कानाशी पुटपुटतो, अंगावर काटा येतो. पोर्टिसहेडमध्ये त्याच तुकड्यावर बेथचा आवाज आणि मग बँडमधल्या एड्रियन अटलीची ती चिरकणारी गिटार. वीस वर्षं मिक्सिंग करतोय, सांगतो, प्रोड्यूसर म्हणजे काय ते इथेच कळतं.

मेघना_ब्रिस्टल
बंडूने अटलीचं नाव घेतलं म्हणून बरं. धागाकर्त्याच्या पोस्टमध्ये तो कुठेच नाही! जॅझमध्ये मुरलेला गिटारवादक तो. इंजिनियर डेव्ह मॅकडोनाल्डही गायब. एकट्या बॅरोला देव्हाऱ्यात बसवायची ही कसली घाई?

मी इथे राहते. सेंट पॉल्समधली कॅरिबियन वस्ती, तिथले साउंड सिस्टिम (मोठे स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणारे गट), ऐंशीच्या दशकातले वाइल्ड बंच, स्मिथ अँड माइटी हे संगीतगट, ही सगळी जमीन आधी तयार झाली. तो बास, तो संथपणा तिथला. 'ट्रिप हॉप' हे लेबल 1994 मध्ये एका लंडनच्या मासिकाने चिकटवलं, तेही अमेरिकन डीजे शॅडोच्या निमित्ताने. ब्रिस्टलचा इतिहास 'डमी'पासून सुरू झाल्यासारखं लिहिलं की मला चीड येते.

मंद्रसप्तक
मेघनाताई, अटलीचा मुद्दा मान्य. पण 'ब्लू लाइन्स'चं नाव मी पहिल्याच पोस्टमध्ये घेतलं आहे, ते वाचायचे कष्ट घ्या. आणि ते लेबल बॅरोला स्वतःलाच कधी आवडलं नाही.

तबलजी_सांगली
तुम्ही श्रेयावर भांडताय, मी पैशावर बोलतो. 2015 मध्ये याच बॅरोने जाहीर लिहिलं होतं की 3 कोटी 40 लाख स्ट्रीम्समधून (ॲपवर गाणं ऑनलाइन वाजलं की एक स्ट्रीम) त्याच्या हातात कर जाऊन 1,700 पौंड आले. म्हणजे एका पौंडासाठी गाणं 20,000 वेळा वाजायला हवं. मर्क्युरी मिळालेल्या माणसाची ही गत!

माझं ऐका. एका कंपनीसाठी भक्तिगीतांच्या अख्ख्या अल्बमवर तबला वाजवला. एकरकमी पैसे, कागदावर सही, विषय संपला. आज ती गाणी प्रत्येक गणपतीत, प्रत्येक फोनवर. माझं नाव कुठेही नाही.

रेवती_लातूर
दादा, वाईट वाटलं. पण ते 1,700 हा एकट्या बॅरोचा वाटा. त्याआधी कंपनी, बँडमधले बाकीचे, शिवाय हेज-शिफ्रिन यांचे हिस्से. सगळा दोष ॲपवर कसा टाकता? लातुरात 'डमी'ची कॅसेट कोण विकत होतं? मला पोर्टिसहेड फोनवरच भेटलं.

तबलजी_सांगली
भेटलं, फुकटात! तुमच्या कंपनीने पगाराऐवजी 'तुमचं काम लाखो लोक बघतात' असं सांगितलं तर चालेल का?

रेवती_लातूर
मी दर महिन्याला पैसे भरते. फुकटी म्हणू नका.

साउंडवाला_बंडू
ती भरते ते पैसे तिने ऐकलेल्या कलाकाराला थेट जात नाहीत, तबलजी म्हणतायत ते हेच. सगळा पैसा एका हौदात जातो आणि एकूण स्ट्रीम्सच्या प्रमाणात वाटला जातो. रेवतीने महिनाभर फक्त पोर्टिसहेड ऐकलं तरी तिचे बहुतेक पैसे दुसऱ्यांकडेच जाणार.

रेवती_लातूर
हे माहीत नव्हतं. पण मग भांडायचं तर हौदाशी भांडा, श्रोत्यांवर का ओरडता?

कोथरूडकर७१
धागा कुठल्या कुठे गेला. मूळ प्रश्नावर या. बॅरोचा प्रभाव कुठे आहे ते दाखवा. तीन अल्बम, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्यात अकरा वर्षांचं अंतर. याला कारकीर्द म्हणायचं?

मंद्रसप्तक
त्या अकरा वर्षांनंतर 2008 मध्ये 'थर्ड' आला. त्यातलं 'मशीन गन' लावा. ड्रम अक्षरशः कवटीवर आदळतात. 'डमी'चा साचा सोन्याची खाण होता, निम्मं जग त्याची नक्कल करत होतं, आणि या माणसाने तो साचा मोडून टाकला. त्याच अल्बममधलं 'द रिप' रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या थॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवुडने नुसत्या गिटारवर गायलं. 2009 मध्ये द हॉरर्स या बँडचा 'प्रायमरी कलर्स' हा अल्बम बॅरोने प्रोड्यूस केला आणि त्या बँडचा चेहराच बदलला. शिवाय त्याची इन्व्हाडा ही रेकॉर्ड कंपनी, बीक हा बँड. बेन सॅलिसबरीबरोबर 'एक्स मशिना', 'ॲनायलेशन', 'सिव्हिल वॉर' या चित्रपटांचं पार्श्वसंगीत. ज्यांना अल्बमच मोजायचे आहेत त्यांना यातलं काहीच दिसत नाही.

कोथरूडकर७१
'मशीन गन' ऐकलं. दोनदा. डोकं उठलं. लॉबीत कोणी वाजवणार नाही, तेवढं मान्य. हा माणूस आळशी नाही, हेही मान्य. पण 'ग्लोरी बॉक्स'चा पाया हेजचा आहे आणि ते मी मरेपर्यंत म्हणत राहणार.

मेघना_ब्रिस्टल
म्हणा. हेजचं नाव तुम्ही घेताय तसं स्मिथ अँड माइटीचंही कोणीतरी घ्यावं, एवढीच माझी मागणी.

तबलजी_सांगली
आणि तबलजीचं?

साउंडवाला_बंडू
तबलजी, अल्बमचं नाव सांगा. कोणत्या गाण्यात तुम्ही आहात तेही. इथे लिहून ठेवू.