फिरत्या कृष्णविवरातली सिंग्युलॅरिटी खरंच काढता येते का?

विवरवेडी: सिंग्युलॅरिटी म्हणजे जिथे काल-अवकाशाची वक्रता अनंत होते ती जागा. ती टाळणारा, न फिरणाऱ्या कृष्णविवराचा हेवर्ड यांचा २००६ चा नमुना कागदावर सोडवला. वस्तुमान स्थिर न धरता अंतरानुसार बदलू दिलं, म्हणजे एम गुणिले आर घन, भागिले (आर घन अधिक दोन एम एल वर्ग) (एम म्हणजे एकूण वस्तुमान, आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, एल म्हणजे गाभ्याचा आकार ठरवणारी छोटी लांबी), की केंद्रातली वक्रता आटोक्यात राहते. मग केरच्या १९६३ च्या मेट्रिकमध्ये (फिरत्या कृष्णविवराभोवतीची भूमिती सांगणाऱ्या सूत्रात) हेच फलन घातलं की झालं ना? बांबी आणि मोडेस्टो यांनी २०१३ मध्ये असंच केलंय. न फिरणाऱ्या नमुन्यावर थांबणं मला पटत नाही.

भूमिती_प्रेमी: घाला, पण मग रिची अदिश (वक्रता मोजणारी एक संख्या) नक्की काढून बघा. केरमध्ये आर = ० हा बिंदू नसून तबकडी आहे; तिची कड म्हणजे कुप्रसिद्ध कडी, केरमधली सिंग्युलॅरिटी तिथेच असते. विषुववृत्तीय प्रतलातून कडीपाशी आलात तर उत्तर १२ भागिले एल वर्ग. तबकडीवरून सरकत आलात तर शून्य! काही अनंत होत नाही, मान्य. पण एकाच जागी दोन किमती निघतात, आणि त्याला नियमित (सिंग्युलॅरिटी नसलेलं) म्हणायला माझं मन धजत नाही. शिवाय तबकडी ओलांडून ऋण आरमध्ये गेलात की एका ठिकाणी हेवर्डच्या फलनाचा छेदच शून्य होतो. म्हणून काही जण आरचं केवलमूल्य घेतात.

तारांगण: घोष यांचं २०१५ चं फलन बघा: एम गुणिले ई चा उणे एल भागिले आर हा घात. धन आरकडून कुठल्याही दिशेने या, वक्रता शून्याकडेच जाते.

विवरवेडी: हे आजच करून बघते! एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या चित्रावरून यातलं काही ठरेल?

भूमिती_प्रेमी: अवघड आहे. चित्रातली काळी सावली क्षितिजाबाहेरच्या (जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेबाहेरच्या) प्रकाशकक्षांवर ठरते. एल लहान असेल तर तिथे फरक जवळपास नाहीच.

मला जास्त काळजी आतल्या क्षितिजाची, म्हणजे बाहेरच्या क्षितिजाच्या आत असलेल्या दुसऱ्या सीमेची वाटते. पॉयसन आणि इस्रायल यांनी १९९० मध्ये विद्युतभारित कृष्णविवरासाठी दाखवलं की आत पडणारं प्रारण तिथे अतोनात निळं सरकतं (त्याची ऊर्जा प्रचंड वाढते) आणि आतलं वस्तुमान फुगत जातं. फिरत्यातही आतलं क्षितिज असतंच. गाभा गुळगुळीत केला तरी तिथे पोहोचण्याआधीच घात होऊ शकतो. २०२२ मध्ये फ्रँझिन, लिबेराती, माझ्झा आणि वेलुची यांनी आतल्या क्षितिजाचं पृष्ठगुरुत्व (ही निळी सरक किती झपाट्याने वाढते ते ठरवणारी राशी) शून्य ठेवणारा फिरता नमुना मांडला. घोषचं फलन झालं की लगेच तो घ्या.