गाय ठेंगणी, वळू उंच: कालवडीचे पाय कुणावर जातील?

कालवडवाली: माझी एक गाय दुधाला उत्तम, पण पायाने आखूड. धार काढताना कासेखाली जेमतेम चार बोटं जागा उरते. या माजाला उंच पायाच्या वळूचं रेतन करावं म्हणते. एका वेतात फरक पडेल का?

दावणकरी: ताई, आधी एक बघा. कासेचा तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर आहे की खाली? खाली असेल तर दोष पायांचा नाही, कास ओघळलेली आहे. मग उंच वळू आणून काम होणार नाही, ज्याच्या मुलींची कास वर बांधलेली आहे असा हवा.

कालवडवाली: बघितलं. कास सांध्याच्या चांगली वर आहे. पायच आखूड.

दावणकरी: मग उंचीचंच बोलू. आईचा आणि बापाचा वाटा निम्मा-निम्मा, पण ती एका जनुकावर ठरत नाही. 2018 साली 58,265 जनावरांच्या अभ्यासात जनुकसंचात उंचीशी जोडलेल्या 163 जागा सापडल्या, बहुतेकींचा परिणाम अगदी थोडा. म्हणून सख्ख्या बहिणीही सारख्या उंचीच्या निघत नाहीत.

दुधाळ जातींत उंचीची आनुवंशिकता, म्हणजे उंचीतल्या फरकात जनुकांचा वाटा, साधारण 0.4 धरतात. तुमची गाय इतर गायींपेक्षा 6 सेंमी कमी आणि वळू इतर वळूंपेक्षा 12 सेंमी जास्त असेल, तर दोघांची सरासरी 3 सेंमी जास्त. त्याचे 0.4 म्हणजे सव्वा सेंमीच्या आसपास, तेवढीच कालवड सरासरीपेक्षा उंच धरायची. बाकीचा फरक चारा, आजारपण, वाढीच्या काळातली आबाळ यांचा. म्हणून वळूची स्वतःची उंची बघून भुलू नका, त्याच्या पुष्कळ मुलींची नोंद मागा. एकाच मुलीवरून काही कळत नाही.

जुना गोठा: एक अपवाद सांगतो. डेक्स्टर जातीत आखूड पाय एका जनुकाच्या दोषामुळेही येतात. सदोष जनुकाची एक प्रत आली तर जनावर ठेंगणं, दोन्ही आल्या तर गर्भ दगावतो. दोन्ही आईबाप तसेच ठेंगणे असतील तर चारातलं एक वासरू जातं. तिथे तपासणीशिवाय जोडी लावूच नये.

आणि ताई, उंचीबरोबर वासराचं जन्माचं वजनही वाढतं. ठेंगण्या गायीला अवघड वेताचा वळू देऊ नका. सोप्या वेताची नोंद आधी बघा, उंची नंतर.

कालवडवाली: हे डोक्यातच आलं नव्हतं. वेताची आणि मुलींची, दोन्ही नोंदी मागवते.

दावणकरी: मागवा. आणि कालवड झाली की पाय बघून लगेच हुरळू नका, प्रत्येक वासरू जन्मतः लांब पायांचंच दिसतं. दुसऱ्या वर्षी खांद्याशी माप घ्या.