मदत हवी आहे : साठ मुलं, एकच डिझाइन स्टुडिओ, प्रत्येकाला स्वतःची जागा कशी द्यावी?

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळच्या एका डिझाइन कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाचा स्टुडिओ घेते. प्रॉडक्ट आणि कम्युनिकेशन, दोन्हीकडची मुलं एकाच खोलीत बसतात. आत्तापर्यंत ४२ होती, जुलैपासून ६० होतील. खोली तीच राहणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती नव्याने लावायला संस्थेने सहा लाख रुपये मंजूर केलेत आणि आराखडा मी द्यायचा आहे. इथे आर्किटेक्ट आहेत, फर्निचर करणारे आहेत, अशा कॉलेजांतून शिकून गेलेलेही बरेच आहेत, म्हणून विचारते.

खोली ६० फूट बाय २८ फूट, उंची १४ फूट, वर उघडा स्लॅब. लांब भिंतींपैकी एक पश्चिमेला, तिला पाच मोठ्या खिडक्या. समोरच्या पूर्वेकडच्या भिंतीला दोन दारं आणि बाहेर दहा फुटी व्हरांडा. उत्तर आणि दक्षिण या आखूड भिंती कोऱ्या आहेत. खाली गुळगुळीत टाइल्स.

संस्थेचं म्हणणं असं की कोणाचीच जागा ठरलेली नको. चाकांची टेबलं घ्यायची, पाच वाजता प्रत्येकाने आपलं सामान लॉकरमध्ये ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी तीच खोली सर्टिफिकेट कोर्सला देता येईल. कागदावर जागा वाचते हे मलाही दिसतं. पण स्टुडिओ म्हणजे अर्धवट काम जिथल्या तिथे राहू शकतं अशी खोली, असं मी मानते. एखादी मुलगी स्टुलाच्या पायाचा जोड शोधत असते तेव्हा तिच्यासमोर पुठ्ठ्याची चार-पाच मॉडेलं पडलेली असतात. त्यातलं फसलेलं दुसरं मॉडेल सकाळी पुन्हा डोळ्यांसमोर येतं, म्हणून पुढचं सुचतं. रोज सगळं आवरायला लावलं तर सकाळचा पहिला तास मांडामांडीत जातो, आणि हळूहळू मुलं हाताने करून बघणंच सोडून लॅपटॉपमध्ये शिरतात. शेजारणीच्या टेबलावर काय चाललंय हे येता-जाता दिसणं हासुद्धा शिक्षणाचा मोठा भाग आहे. तो कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो, म्हणून आवराआवरीत सगळ्यात आधी तोच जातो.

सध्याच्या अडचणी सांगते. दुपारी दोननंतर पश्चिमेचं ऊन थेट टेबलांवर येतं, स्क्रीन दिसत नाहीत, ग्लू-गनने चिकटवलेले जोड सुटतात. आवाज इतका घुमतो की एका कोपऱ्यात क्रिट (मुलांच्या कामावर सगळ्यांसमोर चर्चा) चालू असेल तर बाकीच्यांना काम करणं कठीण. सॉकेट फक्त भिंतीवर, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्डांच्या माळा जमिनीवरून जातात. आणि कटिंग जो तो बसल्या टेबलावर करतो, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या कामावर धूळ आणि ब्लेडचे तुकडे.

६० जणांना स्वतःची जागा, शिवाय कटिंगला आणि पिन-अपला (काम भिंतीवर लावून दाखवायला) वेगळी जागा, हे या खोलीत बसेल का? संध्याकाळच्या कोर्सचं काय करावं? संस्थेपुढे नुसता आग्रह चालणार नाही, आकडे घेऊन जावं लागेल.

प्रतिसाद १

ताई, मी आर्किटेक्ट आहे. आधी आकडे. १६८० चौरस फुटांत ४२ मुलं म्हणजे डोई ४० चौ. फूट होते. ६० झाली की २८. तुमची टेबलं बहुधा ४ बाय २ ची असणार. समोरासमोर टेबलांच्या ओळी खोलीच्या रुंदीत लावल्या तर दोन टेबलं मिळून ४ फूट आणि पाठीला पाठ लावून बसणाऱ्यांमध्ये ५ फूट, असे एका जोडओळीला ९ फूट लागतात. एका बाजूला पाच टेबलं, म्हणजे जोडओळीत दहा जण. ६० जणांना सहा जोडओळी, ५४ फूट. उरले सहा फूट. कटिंग, पिन-अप, कपाटं काहीच बसणार नाही.

टेबल ३ बाय २ चं करा. ए१ कागद ५९४ बाय ८४१ मिलिमीटरचा असतो, म्हणजे साधारण २ बाय पावणेतीन फूट. तो बसतो, आणि तुमच्या मुलांना त्याहून मोठं रोज लागत नाही. आता २१ फुटांच्या ओळीत सात जण बसतात, जोडओळीत चौदा. चार जोडओळी ३६ फुटांत संपतात आणि ५६ मुलं बसतात. उरलेले चौघं त्यापुढे खिडकीलगत. ओळींच्या एका टोकाला ४ फुटांची वाट ठेवा, दुसऱ्याला ३. ओळी दक्षिणेकडून सुरू केल्या तर उत्तर टोकाला २४ बाय २८ ची जागा मिळते, त्या चौघांची खिडकीलगतची पट्टी सोडली तर बाकी मोकळी. तिथे उभ्याने काम करायची कटिंग टेबलं, ९०० मिलिमीटर उंचीची. बसायच्या टेबलाच्या ७५० उंचीवर कटिंग केलं की कंबर जाते.

प्रतिसाद २

उंची १४ फूट आहे तर पोटमाळा का करत नाही? वर तीसेक मुलं सहज बसतील.

प्रतिसाद ३ (आर्किटेक्ट)

पोटमाळ्याचं तळ आणि तुळया धरल्या तर खाली-वर जेमतेम साडेसहा-साडेसहा फूट उरतात. पंखा लावता येणार नाही, स्लॅबचा ताप थेट डोक्यावर. नियमातही बसणार नाही आणि सहा लाखांतही. उंची मुलांना बसवण्यापेक्षा सामान, उजेड आणि आवाज यांच्यासाठी वापरा.

प्रतिसाद ४

मी अहमदाबादला सेप्टमध्ये, आर्किटेक्चरच्या शाळेत, शिकलो. ती शाळा १९६२ साली सुरू झाली, इमारत बाळकृष्ण दोशींची. दोशी मूळचे पुण्याचे, जे. जे. मध्ये शिकलेले, आर्किटेक्चरमधला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार, २०१८ चं प्रित्झकर, त्यांना मिळालं. तिथून तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी घेता येतील. एक म्हणजे तिथल्या स्टुडिओंत उतरत्या काचांमधून उत्तरेचा उजेड येतो. तो दिवसभर फारसा बदलत नाही, सावल्या कडक पडत नाहीत, रंग नीट दिसतात. तुमची उत्तरेची भिंत कोरी आहे. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून तिच्या वरच्या भागात, नऊ फुटांच्या वर, लांब आडवी खिडकी काढता आली तर कटिंगच्या जागेला तोच उजेड मिळेल. नाशिकच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावर असतो. त्या उन्हाला लहानसा छज्जा पुरेल.

दुसरी जास्त महत्त्वाची. तिथे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, पायऱ्यांवर, येण्याजाण्याच्या वाटेवर ज्युरी (परीक्षकांसमोर काम मांडणं) आणि प्रदर्शनं होतात. दुसऱ्या वर्गातलं कोणीही थांबून ऐकू शकतं. तुमच्याकडे दहा फुटी व्हरांडा आहे. पिन-अप तिकडे काढा. भिंतीला सॉफ्टबोर्ड, वर तागाचं कापड, ४ फूट उंच पट्टा. पावसाची झड येत असेल तर कडेला खाली सोडायचे चिकाचे पडदे (बांबूच्या काड्यांचे) लावा. क्रिटचा आवाज बाहेर गेला की खोलीतले निम्मे प्रश्न हलके होतील.

धागाकर्ती

व्हरांड्याचं मला सुचलंच नव्हतं, खरंच आभार. ज्युरी बाहेर गेली तर पहिल्या वर्षाची मुलंही ऐकतील, हे मला फार हवं आहे. व्हरांडा पूर्वेला, त्यामुळे दुपारी तिथे सावली असते. फक्त दारांसमोरची आणि जिन्याकडची वाट अडवायची नाही, तेवढं सांभाळेन. संध्याकाळच्या कोर्सचा पेच मात्र अजून तसाच आहे.

प्रतिसाद ५

मी फर्निचर बनवतो, अंबडला वर्कशॉप आहे. ताई, तुम्ही टेबलाची जागा आणि कामाची जागा वेगळी करा. प्रत्येकाला ३ बाय २ चा प्लायचा बोर्ड द्या, ९ मिलिमीटर जाडीचा, कडेला लाकडी पट्टी. सव्वातीन-साडेतीन किलोचा होईल, कोणालाही उचलता येतो. मॉडेल, पुठ्ठे, स्केच सगळं त्या बोर्डावर. संध्याकाळी बोर्ड जसाच्या तसा उचलायचा आणि बेकरीत ट्रे सरकवतात तसा रॅकमध्ये सरकवायचा. सकाळी काढून टेबलावर ठेवला की काल जिथे थांबलो तिथून सुरू. दोन बोर्डांमध्ये १४ इंच धरले तर सात फूट उंचीत सहा खण होतात. ६० बोर्डांना दहा उभे कप्पे, उभ्या पाट्या धरून २१-२२ फूट. तुमच्या २८ फुटी उत्तर भिंतीला बसतं, वर त्या खिडकीलाही जागा राहते.

रॅकला दारं लावू नका. समोरून उघडा ठेवला तर सगळ्यांचं काम सगळ्यांना दिसेल. वरच्या दोन खणांसाठी दोन पायऱ्यांचं भक्कम स्टूल हवं. १४ इंचांपेक्षा उंच मॉडेल करणाऱ्यांसाठी एका जादा कप्प्यात एकाआड एक खण रिकामे ठेवता येतील असं करा.

प्रतिसाद ६

इलेक्ट्रिकचं काम करतो, म्हणून तेवढंच बोलतो. ६० लॅपटॉप, सरासरी शंभर वॉट धरले तर सहा किलोवॉट. हे फारसं नाही. खरा भार हीट-गनचा. दोन हजार वॉटची हीट-गन २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर घेते आणि मुलं ती सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर लावतात. तिथेच बोर्ड वितळतात. हीट-गन, ड्रायर, ग्लू-गन यांना कटिंग टेबलांजवळच १६ अँपिअरचे पॉइंट द्या, वेगळं सर्किट, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). बसायच्या टेबलांवर फक्त सहा अँपिअरचे पॉइंट, जोडओळीच्या मधोमध पत्र्याच्या डक्टमधून, वरून खाली उतरणाऱ्या पाइपने. टाइल्स फोडायची गरज नाही. अर्थात मग ओळींतली टेबलं चाकांची नकोत.

आणि तुमच्याकडे लेझर कटर असेल तर मुलांना एक नक्की सांगा. बाजारातला सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसी फोम असतो. तो लेझरमध्ये कधीही घालायचा नाही, हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनही गंजतं.

धागाकर्ती

बोर्डांच्या रॅकने माझी रात्रीची झोप परत आणली आहे! संध्याकाळचा कोर्स टेबलं वापरू शकेल आणि मुलांचं काम अखंड राहील, हे संस्थेला मांडता येईल. सनबोर्डची सूचना कटरच्या वर मोठ्या अक्षरांत लावते. स्प्रे पेंट गच्चीवरच, खोलीत बंद, हेही ठरवलं. आता ऊन आणि आवाज राहिले.

प्रतिसाद ७

पश्चिमेच्या उन्हासाठी आतून पडदे लावून भागत नाही. उष्णता काचेच्या आत येऊन बसते. सावली काचेच्या बाहेर हवी. संध्याकाळचं ऊन खाली, समोरून येतं, त्यामुळे आडवा छज्जा उपयोगाचा नाही. उभ्या पट्ट्या लागतात. खर्च नको असेल तर खिडकीबाहेर लोखंडी चौकटीवर शेडनेट ताणा. नाशकात नर्सरीवाल्यांकडे हवं तेवढं मिळतं. पण हिरवं घेऊ नका. हिरव्या नेटमधून येणारा उजेड कागदावर पडला की रंग चुकतात. पांढरं किंवा काळं घ्या. रात्रीच्या दिव्यांतही हेच पाहा : सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) ९० च्या वर असलेले एलईडी, टेबलावर निदान ५०० लक्स इतका उजेड आणि रंग जुळवायच्या एका टेबलावर ५००० केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा, वेगळा दिवा.

प्रतिसाद ८

आवाजाचं गणित करून देतो. वॉलेस सॅबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातला घुमणारा हॉल सुधारताना खुर्च्यांच्या गाद्या आणून-नेऊन मोजमापं केली, त्यातून हे सूत्र आलं : आवाज विरायला लागणारा वेळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनमीटर भागिले आवाज शोषणारं क्षेत्र. तुमची खोली साधारण ६६६ घनमीटर. टाइल्स, प्लास्टर, काच, त्यात माणसं आणि फर्निचर धरून शोषण ४० चौरस मीटरच्या आसपास असावं. म्हणजे आवाज अडीच सेकंदांहून जास्त घुमतो. शिकायच्या खोलीला ०.८ च्या आसपास चांगलं, पण तिथे पोचायला आणखी ९५ चौ. मीटर शोषण लागेल, तुमच्या पैशांत जमायचं नाही. १.२ सेकंदांवर आणायला ५० चौ. मीटर पुरेल, म्हणजे सुमारे ५४० चौ. फूट.

५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे) पॅनल, कापडात नीट गुंडाळून, स्लॅबपासून खाली उभे टांगा. दोन्ही बाजू आवाज शोषतात, त्यामुळे निम्म्याच्या आसपास पॅनलांत काम होतं. पंखे आणि दिवे यांच्या ओळी आधी ठरवा, मग पॅनल. अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आवाज फारसा कमी होत नाही आणि आग लवकर पकडतात.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांमुळे आता हातात खरा आराखडा आहे. ३ बाय २ ची टेबलं, चार जोडओळी, उत्तरेला बोर्डांचा रॅक आणि कटिंग, पिन-अप व्हरांड्यात, शेडनेट बाहेरून. उत्तरेच्या खिडकीसाठी इंजिनिअरचं मत मागवलं आहे. पैसे कमी पडले तर पॅनल दोन टप्प्यांत लावेन, पण रॅक आणि वायरिंग पहिल्याच टप्प्यात. प्रत्येकाला स्वतःची जागा हवी, या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. टेबल रात्री दुसऱ्याचं असेल, बोर्ड मात्र वर्षभर त्या मुलाचाच.

अंबडच्या दादांना एक विचारायचं राहिलं. बोर्ड सरकायला खणात लोखंडी अँगल लावायचा की लाकडी पट्टी? पावसाळ्यात प्लाय फुगून अडकेल का, आणि दोन्ही बाजूंना किती फट सोडावी? रॅक भिंतीत कसा बांधायचा तेही सांगा, कारण खणाखणातलं वजन मिळून बरंच होईल आणि मुलं त्याला टेकून उभी राहणार.